रात्रीचं शहर: आभाळ काळंकुट्ट, दिवे पांढरे गोळे... नेमकं काय चुकतंय?

मृदुला_क

नमस्कार मंडळी. दिवसाचे फोटो बरे येतात माझे, पण रात्रीच्या शहराने पार छळलंय. उंच गच्चीवरून काढते, ट्रायपॉड लावून, अॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं भोक मी ठरवते, शटरचा वेळ कॅमेरा), आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघताना मस्त वाटतं आणि घरी मोठ्या स्क्रीनवर उघडलं की वरचं अर्धं आभाळ काळंकुट्ट, तेही स्वच्छ काळं नाही, दाणेदार मातकट काळं. खाली दिव्यांच्या जागी पांढरे गोळे, आणि दुकानांच्या पाट्यांवरचं एक अक्षर वाचता येईल तर शपथ. एक्स्पोजर कमी करावं तर इमारतीच गायब, नुसत्या खिडक्या हवेत लटकलेल्या. सगळ्यात राग याचा येतो की शेजारी उभ्या बहिणीने मोबाईलवर काढलेला फोटो माझ्यापेक्षा बरा आलाय. सेटिंग काय ठेवायचं? आणि समोर एवढं सगळं पसरलेलं असताना फ्रेममध्ये घ्यायचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा (हसू नका).

शटरबंद

सेटिंगचं नंतर बघू, आधी सांगा, गेला होतात किती वाजता? माझा अंदाज, चांगला अंधार पडल्यावर.

रात्रीचे म्हणून जे शहराचे फोटो आपल्याला आवडतात ना, त्यातले बरेचसे सूर्य क्षितिजाच्या खाली साधारण ४ ते ८ अंश असताना काढलेले असतात. ब्लू अवर म्हणतात पण तासबीस काही नसतो, विषुववृत्ताजवळ सूर्य सरळ खाली जातो तिथे पंधरा-वीस मिनिटांत खेळ आटोपतो, उत्तरेला किंवा दक्षिणेला जाल तसा तो तिरका बुडतो आणि वेळ वाढत जाते. आता निळा रंग छान दिसतो वगैरे ठीक आहे पण खरा मुद्दा हिशोबाचा आहे. दिव्यांचा उजेड रात्रभर तेवढाच राहतो, आभाळाचा मिनिटामिनिटाला उतरत असतो, आणि उतरता उतरता एका टप्प्यावर तो दिव्यांनी उजळलेल्या भिंतींच्या बरोबरीला येतो. तिथे एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसतं. आधी गेलात तर दिवे फिके, नंतर गेलात तर आभाळ गेलं. तुमच्या खिडक्या हवेत लटकल्या त्याचं कारण हेच. आभाळात थोडा जीव असला की काळ्या इमारतीलाही कड मिळते. आभाळ काळं, इमारत काळी, मग कड दिसणार कुठून?

म्हणून सूर्यास्ताच्या आधी पोचायचं, उजेडात फ्रेम ठरवायची, फोकस करून ठेवायचा, ट्रायपॉड आवळायचा, आणि मग त्याला अजिबात न हलवता दर दोन-तीन मिनिटांनी एक फोटो घेत राहायचं. नेमका कुठला क्षण बरोबर होता ते तिथे उभं राहून कळत नाही, कारण डोळा अंधाराला सरावत जातो. घरी येऊन निवडा.

एक्स्पोजर: ऑटो आयएसओ आधी बंद करा. ट्रायपॉडवर आहात ना, मग ६४०० कशाला हवाय, तुमचे दाणे तिथूनच आलेत. आयएसओ १००, एफ ८ (लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक लहान), मॅन्युअल मोड, रॉ फाईल (सेन्सरची कच्ची नोंद). आभाळ उजळ असताना शटर सेकंदाच्या आसपास येतं, गडद होत गेलं की ४, ८, १५ सेकंद असं लांबत जातं. हे आकडे सुरुवात करायला ठीक, पाठ करू नका. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचं काय होतं, की समोर जे असेल त्याला ते मध्यम करड्यावर आणायला बघतं. तुमच्या फ्रेममध्ये अर्धं काळं आभाळ, मीटर म्हणतं फार अंधार आहे, उघड अजून, की दिवे जळाले.

मी एकच गोष्ट पाळतो. बल्ब जळू दे, बल्बच्या उजेडात दिसणारी भिंत जळता कामा नये. रस्त्यावरचा दिवा स्वतः पांढरा झाला तर काही बिघडत नाही, डोळ्यालाही तो पांढराच दिसतो. पण त्याच्या खालचा फुटपाथ, बाजूची कमान, खांबावरचा रंग, इथे तपशील राहायला हवा. म्हणजे फ्रेममधली सगळ्यात उजळ वस्तू सोडून द्यायची आणि दुसऱ्या नंबरच्या उजळ वस्तूवर एक्स्पोजर ठरवायचं. उरलेलं काळं राहिलं तर राहू द्या, रात्र आहे.

फक्त_मोबाईल

म्हणजे थोडक्यात, रात्रीचे फोटो रात्री काढायचेच नाहीत :)

अमावस्या

शटरबंद, एक्स्पोजरचं पटलं, पण या निळ्या वेळेचं खूळ जरा अतीच झालंय असं माझं मत. सगळ्यांचे फोटो एका साच्यातले. निळं आभाळ, पिवळे दिवे, पाण्यात प्रतिबिंब, झालं.

मी तर मुद्दाम पूर्ण अंधार पडल्यावरच निघते. आभाळ काळं आहे ना, मग फ्रेममध्ये घेताच कशाला? मृदुलाताई, तुमचा अर्धा प्रश्न गच्चीचा आहे. गच्चीवरून शहर म्हणजे हजार दिवे आणि सगळ्यांचं वजन सारखं, डोळ्याने टेकायचं कुठे? खाली या. लांब लेन्स लावा, ८५ किंवा १३५ मिमीची, आणि उजळलेला एकच तुकडा उचला.

परवाचीच फ्रेम सांगते. चढणीची अरुंद गल्ली, पायऱ्यापायऱ्यांची, डाव्या भिंतीवर उंच एकच दिवा. समोरून काढला की दिवा सगळं खाऊन टाकत होता, लेन्समध्ये भगभगीत धुरकट पट्टा. दोन पावलं उजवीकडे सरकले, तर भिंतीतून बाहेर आलेली छज्जाची कड बरोबर दिव्यावर आली. दिवा झाकला गेला, उजेड तिथेच राहिला. लगेच भिंतीवरचे पोपडे दिसायला लागले, प्रत्येक पायरीच्या फक्त पुढच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ, मधली सपाटी काळी. आता आधीपेक्षा एक्स्पोजर जास्त देता आलं कारण फ्रेममध्ये जळणारं काही उरलंच नव्हतं. मग वाट बघितली, कुणीतरी पायऱ्या उतरत आलं, शटर पाव सेकंदावर, पाय पुसट, डोकं-खांदे बऱ्यापैकी ठाम. फोटो झाला.

दिवा लपवायची ही युक्ती कुठेही चालते. खांबामागे, झाडाच्या बुंध्यामागे, उभ्या माणसामागे. एक पाऊल इकडेतिकडे होण्याने जे साधतं ते नंतर स्लायडर ओढून नाही साधत.

गणिती

+१ अमावस्या. दिवा लपवणे हे लिहून ठेवलं.

पाट्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. निऑन किंवा एलईडीची लालभडक पाटी असेल तर एकत्रित हिस्टोग्राम (फोटोत किती गडद, किती उजळ ते दाखवणारा आलेख) अगदी सज्जन दिसतो आणि आत लाल चॅनेल (फक्त लाल रंगाचा आलेख) कधीचा उजळ टोकाच्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. मग पाटी लाल न येता केशरी-गुलाबी सपाट येते आणि अक्षरं एकमेकांत मिसळतात. तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. आणि कॅमेरा जो हिस्टोग्राम दाखवतो तो आतल्या जेपीईजीवरून (कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या फोटोवरून) काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा असते, अगदीच घाबरून जाऊ नका.

दुसरं, मूळ प्रश्नात 'स्क्रीनवर मस्त वाटतं' आहे ना, त्याचं उत्तर: अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, त्यात कॅमेऱ्याची स्क्रीन दिवसाच्या ब्राइटनेसवर, म्हणून कुठलाही मरतुकडा फोटो झकास दिसतो. स्क्रीनचा ऑटो ब्राइटनेस बंद करून दोन-तीन घर खाली आणून ठेवा. आणि निर्णय हिस्टोग्राम बघूनच.

मृदुला_क

अरे बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शटरबंद, बरोबर ओळखलंत, चांगला अंधार पडल्यावरच गेले होते.

एक शंका, दिवे आणि आभाळ दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसत नसतील तर दोन-तीन वेगवेगळे काढून जोडतात ना? एचडीआर? ते का नको?

शटरबंद

नको असं नाही. मी स्वतः ब्रॅकेट घेऊन ठेवतो, म्हणजे दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो, मेमरी कार्डाला काय वजन आहे? पण जोडणीची वेळ क्वचित येते. आजकालचे सेन्सर आयएसओ १०० वर सावल्यांमधून इतकं काही बाहेर काढून देतात की हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) सांभाळून काढलेली एक रॉ फाईल बहुतेक वेळा पुरते. जळलेलं पांढरं परत येत नाही, काळं बरंच येतं, म्हणून चूक करायचीच तर अंधाराच्या बाजूला करा.

एचडीआरवाल्यांचा घोटाळा वेगळाच असतो. त्यांना काळं सहनच होत नाही. प्रत्येक गल्ली, प्रत्येक कोपरा उजळून ठेवतात आणि मग ते ना रात्रीचं दिसतं ना दिवसाचं, व्हिडिओ गेमसारखं काहीतरी प्लॅस्टिकचं दिसतं. जोडायचंच तर हाताने, मास्क लावून (हवा तेवढाच भाग निवडून), फक्त जळलेल्या पाट्या आणि खिडक्या कमी एक्स्पोजरच्या फोटोतून आणायच्या. बाकी जसं आहे तसं.

अमावस्या, साचा झालाय हे मान्य. पण साच्यातून एकदा नीट काढल्याशिवाय साचा मोडताही येत नाही, काय म्हणता?

अमावस्या

हे असलं गुरुजी छाप बोलणं आम्ही सोडून दिलंय :P

पण हो, वाइड लेन्सने (जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या) स्कायलाइनच, म्हणजे इमारतींची आभाळावरची रेघच, काढायची असेल तर आभाळात उजेड हवाच. तिथे वाद नाही.

जुना_रोल

तुम्हा लोकांना हिस्टोग्राम आहे, नशीबवान आहात. आम्ही फिल्मवर काढायचो तेव्हा रोल धुऊन येईपर्यंत देवाचं नाव. त्यात आणखी एक गंमत, फिल्मवर एक सेकंदाच्या पुढे गेलात की हिशोब चुकायला लागतो, म्हणजे मीटर १० सेकंद म्हणालं की १० देऊन भागत नाही, बऱ्याच फिल्मना दुप्पट-तिप्पट द्यावं लागतं. अंधुक उजेडात फिल्म आळशी होते म्हणा ना. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते कार्ल श्वार्झशिल्डने, तोच तो कृष्णविवराच्या त्रिज्येवाला, ताऱ्यांचे फोटो मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं. डिजिटल सेन्सरला हा आजार नाही. तिथे १० सेकंद म्हणजे १० सेकंद.

आणि १९३०च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपत हिंडणारा ब्रासाई. तो म्हणे एक्स्पोजर सिगरेटवर मोजायचा, अमुक उजेडाला गोलुआज, त्याहून काळोख असेल तर बोयार (दोन्ही सिगरेटचे ब्रँड). त्याचे धुक्यातले आणि ओल्या फरसबंदीचे फोटो जरूर बघा, एक्स्पोजर कसं द्यायचं यापेक्षा उजेड कुठे सांडलाय ते बघायला शिकाल. ओला रस्ता म्हणजे फुकटचा रिफ्लेक्टर. कोरड्या रात्री जी जमीन फ्रेममध्ये मेलेली काळी पडते, तीच पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात सगळ्या पाट्यांचे रंग खाली ओढून घेते. लोक पाऊस आला की कॅमेरा आत ठेवतात, मी तेव्हा बाहेर काढतो.

काजवा

रोलकाकांचं ओल्या रस्त्याचं अगदी खरं. कॅमेरा जितका खाली न्याल, जवळजवळ जमिनीला टेकवाल, तितकं प्रतिबिंब लांब होतं. छोटं डबकंसुद्धा तळं वाटतं.

मी गाड्यांच्या रेषा काढतो मुख्यतः, त्याबद्दल थोडं. १० ते ३० सेकंद लागतात, गाडीला फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढं शटर, नाहीतर रेघ मध्येच तुटते. सिग्नल सुटायच्या एक-दोन सेकंद आधी उघडायचं. वळणाचा रस्ता निवडा, सरळ रस्त्याच्या रेषा कंटाळवाण्या. आणि उंच बस किंवा ट्रक आला तर सोन्याहून पिवळं, त्याचे वरचे दिवे हवेत वेगळ्या उंचीवर रेघ ओढतात. येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट फार जोरात लागतात, त्यामुळे एफ ११ किंवा त्याच्या पुढे जावं लागतं, किंवा अशी बाजू निवडायची की जवळच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे येतील. एकाच लांब फोटोत सगळं कोंबण्यापेक्षा दहा-दहा सेकंदांचे भरपूर काढून लायटन मोडमध्ये (प्रत्येक ठिकाणी सगळ्यात उजळ तेच ठेवणारी जोडणी) एकावर एक ठेवले तर भिंती जळत नाहीत आणि रेषा हव्या तेवढ्या जमवता येतात. मात्र लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात नेमकी बस निघून जाते.

फक्त_मोबाईल

आम्हा गरिबांसाठी काही आहे का? मृदुलाताईंच्या बहिणीच्या बाजूने विचारतोय.

गणिती

आहे की. बहिणीचा फोटो बरा येण्याचं कारण, फोन एका दमात बरेच छोटे फोटो घेतो, हातातली थरथर जुळवून एकावर एक ठेवतो, दाणे सरासरीत विरघळतात आणि दिवे जळत नाहीत कारण प्रत्येक फोटो मुळात कमी एक्स्पोज केलेला असतो. म्हणजे शटरबंद जे सांगतायत तेच फोन न सांगता करतो.

फोनवाल्यांनी तीन गोष्टी कराव्यात. लेन्स पुसा, हे पहिलं. बोटाचा तेलकट ठसा असेल तर प्रत्येक दिव्यातून लांब तिरकी रेघ निघते आणि लोक त्याला लेन्सचा दोष समजतात. मग उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा, कारण नाइट मोड रात्रीला उगाच संध्याकाळ करतो. आणि फोन कठड्याला किंवा भिंतीला टेकवा, काही फोन स्थिर आहोत असं कळलं की आपणहून जास्त सेकंद घेतात. डिजिटल झूम करू नका, बस.

मृदुला_क

काल जाऊन आले! सूर्यास्ताच्या आधी पोचले, गच्ची सोडून नदीच्या कडेला, पूल आणि पलीकडच्या इमारती. आयएसओ १००, एफ ८, ६ सेकंदांचा सगळ्यात आवडला. आभाळ निळं, पुलाच्या कमानींची आतली बाजूसुद्धा दिसतेय, पाटी वाचता येतेय!!

पण एक विचित्र प्रकार. वर आभाळात हिरवट ठिपक्यांची एक रांग आलीय, पाच-सहा ठिपके, पुसट. आधी वाटलं विमान असेल, पण प्रत्येक फोटोत आहे. कॅमेरा थोडा वळवला की तेही सरकतात. लेन्स खराब झाली का?

शटरबंद

अभिनंदन! लेन्स ठणठणीत आहे. पुढे संरक्षणासाठी यूव्ही फिल्टर लावलाय ना? ते ठिपके नीट मोजा, पुलावरच्या दिव्यांइतकेच भरतील, आणि रांग उलटी असेल, म्हणजे फ्रेमच्या मध्यबिंदूतून पलीकडे फेकलेली. दिव्याचा उजेड सेन्सरवर आपटून मागे फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवरून परत आत येतो. रात्री फिल्टर काढून ठेवायचा. ठिपका नेमका कुठल्या दिव्याचा ते बघायचं असेल तर फोटो १८० अंश फिरवून मूळ फोटोवर ठेवा, तंतोतंत बसेल.

अमावस्या

मृदुलाताई, फोटो छानच असणार, पण खालचा एक तृतीयांश भाग काय आहे? नदी कडेला काळी आणि रिकामी आहे का? वाइड लेन्सवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं, पुढचा भाग उजेड पोचत नाही म्हणून मेलेला. तो तरी कापा, नाहीतर तिथे काहीतरी ठेवा, कठडा, बोट, बाकावर बसलेलं कुणी, सिल्हूट (नुसती काळी आकृती) चालेल. नुसता अंधार म्हणून अंधार नको.

आणि शटर दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा डोळा फिरवा. दिवसा कडेला काही आलं तर खपून जातं, रात्री कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला एक दिवा आला तरी नजर तिकडेच जाते.

मृदुला_क

अमावस्या, खरंच खालचा भाग काळा आहे! न बघता कसं ओळखलंत. आणि फिल्टर होताच. काढला.

आता शेवटचं छळते. रंग. एका बाजूचा रस्ता गाजरासारखा केशरी, दुसऱ्या बाजूच्या इमारती हिरवट-पांढऱ्या. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) कसाही ठेवला तरी एक बाजू बिघडतेच.

जुना_रोल

बिघडणारच. केशरी रस्ता सोडियमच्या दिव्यांचा असेल. जुने लो प्रेशर सोडियम असतील तर आशाच सोडा, त्यांचा जवळजवळ सगळा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकाच पिवळ्यात असतो, त्यात निळं-हिरवं मुळातच नाही, तर व्हाइट बॅलन्स आणणार कुठून? त्या उजेडात लाल गाडी आणि काळी गाडी सारखीच दिसते. हाय प्रेशरवाले जरा बरे, साधारण २००० ते २२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उबदार), थोडेफार रंग असतात. पलीकडचे एलईडी ४००० च्या आसपास किंवा वर.

मग निवड करायची, कोणाला न्याय द्यायचा. ३२०० ते ३८०० मध्ये कुठेतरी ठेवलं की आभाळ छान निळं राहतं, एलईडी जरासे थंड दिसतात आणि सोडियम उबदार राहतात पण अंगावर येत नाहीत. नंतर फक्त केशरीचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. सगळंच पांढरंशुभ्र करायला जाऊ नका, रात्रीचा रंग जातो. आणि फारच जमेना तर ब्लॅक अँड व्हाइट, सोडियमच्या गल्ल्यांना ते कपडे शोभतात.

काजवा

एलईडीचा अजून एक त्रास, हातात धरून १/२५० वगैरेवर काढलं की काही पाट्यांवर काळे आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/१०० किंवा त्याहून हळू ठेवलं तर बहुतेक वेळा पट्टे जातात. काही पाट्या मात्र भलत्याच वेगाने लुकलुकतात, तिथे आणखी हळू जावं लागतं. ट्रायपॉडवर सेकंदांत काढणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही.

पाहुणी_२

वाचनमात्र होते, पण विचारतेच. माझे सगळे रात्रीचे फोटो किंचित हललेले येतात. ट्रायपॉड आहे, दोन सेकंदांचा टायमरही लावते. पुलावरून काढते बहुतेक.

शटरबंद

पुलावरून म्हणालात तिथेच उत्तर आलं. जड गाडी गेली की पूल हलतो, तुम्हाला पायाला जेमतेम कळतं, कॅमेऱ्याला पुरेपूर कळतं. गाड्यांच्या मधल्या फटीत काढा, एका लांब फोटोऐवजी छोटे-छोटे. जिथे खाली खांब आहे तिथे उभं राहा, दोन खांबांच्या मधोमध नको, मध्यावर हलणं जास्त. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली घ्या. वारा असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, तो फडफडतो. बॅग हुकला टांगायची असेल तर जमिनीला टेकेल अशी टांगा, झुलती बॅग म्हणजे वाऱ्याला आणखी एक शीड.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद आहे का ते बघा. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, सगळ्या नाही.

आणि ते हलणं आहे की फोकस चुकलाय हे आधी ठरवा. दिव्याचा ठिपका मोठा करून बघा. हललेला असेल तर तो किडा वळवळल्यासारखा दिसतो, सगळे दिवे एकाच आकाराचे. फोकस गेला असेल तर प्रत्येक ठिपका गोल फुगलेला. फोकस करताना मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट दृश्य) दहापट मोठा करून दूरच्या इमारतीच्या कडेवर किंवा खिडकीच्या चौकटीवर करायचा, बल्बवर नको, बल्ब भगभगतो. लेन्सवर अनंताची (∞, खूप दूरच्या फोकसची) खूण आहे म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवून मोकळं होऊ नका, बऱ्याच लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे जाते.

गणिती

अंधारात कंपोझिशन तपासायला सोपा हिशोब: आयएसओ ६४०० वर १ सेकंद म्हणजे आयएसओ १०० वर ६४ सेकंद, सहा स्टॉप. आधी ६४०० वर खटाखट फ्रेम जुळवून घ्या, क्षितिज सरळ आहे का, कडा ठीक आहेत का, मग १०० वर आणून एकच लांब फोटो.

दिव्यांभोवती किरणांची चांदणी आवडत असेल तर एफ ११ ते १६. लेन्सच्या भोकाच्या (अॅपर्चरच्या) पात्या सम असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट, म्हणजे ८ पात्यांना ८ आणि ९ पात्यांना १८. एफ २२ पर्यंत नका जाऊ, डिफ्रॅक्शनने (फार लहान भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळा फोटो मऊ होतो.

पाहुणी_२

किडाच आहे, सगळे दिवे सारखे वळवळलेले. म्हणजे पूल. धन्यवाद!

फक्त_मोबाईल

इमारतींच्या वर मोठा चंद्र असलेले फोटो दिसतात ते खरे असतात की चिकटवलेले?

गणिती

दोन्ही असतात. चिकटवलेला ओळखायचा असेल तर इमारती वाइड लेन्सच्या आणि चंद्र टेलीचा (लांब लेन्सचा), असं दिसतं का बघा. चंद्र आभाळात फक्त अर्धा अंश असतो, २०० मिमी लेन्सने सेन्सरवर जेमतेम १.८ मिमी. मोठा दिसायला हवा तर इमारतीपासून लांब जाऊन लांब लेन्स लावावी लागते, इमारत लहान होते, चंद्र तेवढाच राहतो.

दिवस कुठला? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण समोर उंच इमारती असतील तर त्यांच्या वर येईपर्यंत आभाळ काळं होतं आणि चंद्र म्हणजे नुसतं पांढरं भोक. आदल्या दिवशी तो साधारण पाऊणएक तास आधी उगवतो, त्यामुळे निळ्या वेळेपर्यंत छपरांच्या वर आलेला असतो. आदल्या दिवशी जा. लवकरच काढा, आभाळ अजून बऱ्यापैकी उजळ असताना, कारण वर आलेला चंद्र म्हणजे उन्हात ठेवलेला दगड आहे, त्याला एफ ११ ला आयएसओ १०० वर १/१०० च्या आसपास पुरतं आणि तुमच्या इमारती मागतायत दोन-दोन सेकंद. शिवाय तो दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, २०० मिमीवर सेकंद-दीड सेकंदाच्या पुढे गेलात की कड पुसट व्हायला लागते. इथे आयएसओ ४०० वर गेलात तरी चालेल, शटरबंद रागावणार नाहीत.

शटरबंद

रागावणार नाही. पण दोन फोटो वेगवेगळ्या एक्स्पोजरचे घ्या, ट्रायपॉड न हलवता, एक चंद्राला आणि एक इमारतींना. चंद्र त्याच्या जागी त्याच आकाराचा ठेवलात तर मी त्याला चिकटवणं म्हणत नाही.

अमावस्या

मी म्हणते :P